सीमाभागातील पदवी विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य ऑनलाइन अभ्याससाधने: आपल्या सेमिस्टरला नेमके काय जुळते?

मार्कंडेयकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बेळगावातील एका पदवी महाविद्यालयात मी वाणिज्य शाखेला शिकवतो. गेल्या महिन्यात बी.कॉम.च्या तिसऱ्या सेमिस्टरची एक विद्यार्थिनी तास संपल्यावर टेबलापाशी आली आणि तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. 'मोफत शिक्षणाची शंभर संकेतस्थळे' अशी एक यादी तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कुठून तरी फिरत आली होती. "सर, यातले कुठले बघू?" एवढेच तिने विचारले. यादी वरपासून खालपर्यंत चाळली. तीत शाळेची पुस्तके होती, यंत्रमानवशास्त्र होते, छायाचित्रण होते आणि परदेशातली चार-पाच विद्यापीठेही होती. मात्र तिला या सेमिस्टरला असलेल्या कंपनी लेखाकर्माला त्यातले नेमके काय लागू पडेल, हे कुणी लिहिले नव्हते.

फुकट साधनांचा तुटवडा आता राहिलेला नाही. अडते ते जुळवणीपाशी, आणि आपल्या भागात ती जुळवणी दुहेरी करावी लागते. पहिली जुळवणी अभ्यासक्रमाशी. कर्नाटकाने २०२१ साली नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्वीकारले आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली, त्यामुळे थोरल्या बहिणीच्या वह्या आणि धाकटीची विषयपत्रिका एकाच महाविद्यालयात राहूनही जुळत नाहीत. दुसरी जुळवणी भाषेशी. खानापूर किंवा निपाणीकडचा मुलगा दहावीपर्यंत मराठीतून शिकतो, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजी पुस्तक हातात घेतो आणि विद्यापीठाचे परिपत्रक कन्नडमध्ये वाचतो. महाराष्ट्रात तयार झालेली मराठी साधने त्याला समजतात, पण त्यांचा अभ्यासक्रम वेगळा असतो. कर्नाटकातली साधने अभ्यासक्रमाला धरून असतात, पण ती त्याच्या भाषेत नसतात.

म्हणून मी त्या मुलीला आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तिची विषयपत्रिका उतरवून घ्यायला सांगितली. प्रत्येक विषयाच्या घटकांची नावे वहीच्या डाव्या बाजूला लिहायची आणि उजवी बाजू कोरी ठेवायची. मग केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या संकेतस्थळावर घटकाचे नाव टाकून शोध घ्यायचा. 'स्वयम्' ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. त्यावर अभियांत्रिकीचे काम एनपीटेल हा आयआयटींचा उपक्रम पाहतो, व्यवस्थापनाचे बंगळुरूची आयआयएम पाहते, आणि कला, वाणिज्य व विज्ञान शाखांचे पदवीचे अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक संप्रेषण केंद्र पाहते. प्रत्येक अभ्यासक्रमात चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि शंका विचारण्याची जागा असे चार भाग असतात. आपली मुले चित्रफीत पाहून उठतात आणि वाचनसाहित्य उघडतही नाहीत. खरे तर परीक्षेच्या दृष्टीने मोल त्याचेच अधिक आहे, कारण ते छापून घेता येते आणि त्यावर पेन्सिलने खुणा करता येतात.

तीन आठवड्यांनी तिने वही आणली तेव्हा उजव्या बाजूला मोजून पाच नोंदी होत्या, आणि त्या पाचही तिने स्वतः उघडून पाहिलेल्या होत्या. मला ती पाच नावे त्या शंभरांच्या यादीपेक्षा मोलाची वाटली. या धाग्यावर आपापल्या विषयापुरते, स्वतः वापरलेले तेवढेच लिहावे अशी विनंती आहे. कोणते साधन कोणत्या घटकाला उपयोगी पडले आणि कुठे कमी पडले, हे दोन्ही यावे.


कणकुंबी_कन्या

सर, धागा काढल्याबद्दल आभार. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि रोज बसने खानापूरला येते. आमच्याकडे पावसाळ्यात रेंज जाते ती कधी दोन-दोन दिवस येत नाही. 'रोज एक तास चित्रफीत पाहा' असा सल्ला देणाऱ्यांनी जांबोटीच्या पुढे एकदा मोबाइल काढून पाहावा, म्हणजे त्यांच्या लक्षात येईल. मला विचारायचे आहे ते असे, की यांतील कोणती साधने एकदा उतरवून घेतली की नंतर इंटरनेटशिवाय चालतात?


यंत्रशाळा

कणकुंबीच्या ताईंच्या प्रश्नाकडे थोड्या वेळाने येतो. आधी अभियांत्रिकीबद्दल लिहितो, कारण विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आपल्या दारात असल्यामुळे या भागातील पुष्कळ मुले तिकडेच असतात.

एनपीटेल हा उपक्रम सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली उभा केला. अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सुरू होतात. शिकायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल तर मात्र केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन संगणकावर परीक्षा द्यावी लागते आणि तिचे शुल्क एका विषयाला हजार रुपयांच्या घरात असते. गुणांची विभागणी गृहपाठाला २५ आणि परीक्षेला ७५ अशी आहे. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बारापैकी सर्वोत्तम आठ गृहपाठांचे गुण धरतात. त्यामुळे घरातले लग्न, गावची जत्रा किंवा आजारपण यांत दोन-तीन आठवडे गेले तरी सगळे मुसळ केरात जात नाही. परीक्षेत ७५ पैकी किमान ३० आणि गृहपाठात २५ पैकी किमान १० गुण लागतात.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाची होणार नाही. चौथ्या सेमिस्टरला मी एका अभ्यासक्रमाला नाव घातले, अकरा गृहपाठ वेळेवर दिले आणि परीक्षेच्या हॉल तिकिटाची वाट पाहत बसलो. अभ्यासक्रमाला नाव घालणे वेगळे आणि परीक्षेचा अर्ज भरणे वेगळे, हे मला मुदत उलटून गेल्यावर कळले. त्या अर्जातच केंद्राचे शहर निवडायचे असते. अभ्यास झाला, पण हातात कागद आला नाही, आणि विद्यापीठाच्या ज्या पॉइंटसाठी हा सगळा खटाटोप केला होता तेही मिळाले नाहीत. चूक सर्वस्वी माझी होती, कारण सूचनेचा ईमेल आलेला होता आणि तो मी उघडला नव्हता.

ज्यांना इंग्रजी व्याख्यान जड जाते त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली, एनपीटेलच्या अनेक अभ्यासक्रमांच्या व्याख्यानांचा लेखी मजकूर मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत मिळतो. दुसरी, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे 'ई-कुंभ' हे संकेतस्थळ. त्यावर पदविका आणि अभियांत्रिकी पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांची पाठ्यपुस्तके मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य आहेत. भाषांतर काही ठिकाणी इतके संस्कृतप्रचुर आहे की मूळ इंग्रजी शब्द शेजारी नसेल तर अर्थ लागत नाही. तरीही सुट्टीच्या दिवशी एखादे प्रकरण आधी मराठीतून वाचून सोमवारी वर्गात बसले की प्राध्यापकांचे बोलणे डोक्यावरून जात नाही, हा माझा अनुभव आहे.

संगणकाच्या भाषा शिकणाऱ्यांनी आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' आधी पाहावे. साधारण दहा मिनिटांचा एकेक धडा असतो. पडद्यावर इंग्रजी प्रणाली दिसते आणि निवेदन मराठीत ऐकू येते. अर्ध्या खिडकीत धडा आणि अर्ध्या खिडकीत स्वतःचे काम, अशी त्यांची पद्धत आहे. सी, जावा, पायथन, लिनक्स, लिबरऑफिस, लाटेक असे पुष्कळ विषय आहेत. हे धडे उतरवून घेता येतात, म्हणजे ताईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळाले. हार्वर्ड विद्यापीठाचा 'सीएस फिफ्टी' हा अभ्यासक्रमही विनामूल्य आहे आणि उत्तम आहे, पण तो पहिल्याच आठवड्यापासून दमवतो. आधी स्पोकन ट्युटोरियलवर हात बसवून मग तिकडे जावे.


खतावणी

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सरांच्या वहीची कल्पना मी थोडी वाढवून वापरतो. माझ्या वहीत तीन रकाने आहेत. पहिल्यात इंग्रजी शब्द देवनागरीत, दुसऱ्यात मराठी आणि तिसऱ्यात कन्नड. जर्नल म्हणजे रोजकीर्द, लेजर म्हणजे खातेवही, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, डेप्रिसिएशन म्हणजे घसारा. घसाऱ्याला कन्नडमध्ये 'सवकळी' म्हणतात आणि ताळेबंदाला 'अढावे पत्रिके'. हा 'अढावे' आपला आढावाच आहे, हे लक्षात आले त्या दिवशी मला कन्नड परिपत्रकाची भीती वाटेनाशी झाली. अर्थशास्त्रात तर गंमत आहे. मागणीची लवचिकता आपण म्हणतो, त्याला कन्नड पुस्तकात 'स्थितिस्थापकत्व' असा शब्द येतो, आणि तो आपण आठवी-नववीत विज्ञानाच्या मराठी पुस्तकात रबराच्या संदर्भात वाचलेला असतो.

मराठी शब्दांसाठी महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. वाणिज्य, अर्थशास्त्र, भौतिकशास्त्र असे विषयवार कोश आहेत. कन्नडसाठी म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेचे 'भारतवाणी' उपयोगी पडते. त्यावर अनेक भारतीय भाषांचे कोश एका ठिकाणी शोधता येतात.

साधनांबद्दल बोलायचे तर सनदी लेखापाल संस्थेचे अभ्याससाहित्य तिच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी विनामूल्य खुले आहे. सी.ए. करायचे नसले तरी बी.कॉम.च्या लेखाकर्म, परिव्यय (कॉस्टिंग) आणि करविषयक पेपरांना त्यातली सोडवलेली उदाहरणे पुरून उरतात. पाया कच्चा असेल तर एनसीईआरटीची अकरावी-बारावीची लेखाशास्त्राची पुस्तके आधी वाचावीत. 'ओपनस्टॅक्स' हा अमेरिकेतील राइस विद्यापीठाचा उपक्रम आहे आणि त्याची पाठ्यपुस्तके पूर्ण स्वरूपात विनामूल्य उतरवता येतात. त्यांचे अर्थशास्त्राचे पुस्तक मला फार आवडले. त्यांच्या लेखाकर्माच्या पुस्तकातून मात्र सांभाळून जावे लागते. साठ्याच्या मूल्यांकनात शेवटी आलेला माल आधी बाहेर पडला असे धरण्याची पद्धत तिथे सविस्तर शिकवली आहे. ती अमेरिकेत चालते. आपल्याकडच्या लेखामानकांना ती मान्य नाही. माझ्या एका मित्राने अंतर्गत चाचणीत त्याच पद्धतीने गणित सोडवले आणि पाच गुण घालवले.


मार्कंडेयकाठ

खतावणी यांनी करविषयक पेपरांचा उल्लेख केला म्हणून एक सूचना जोडतो. करांवरची जुनी चित्रफीत पाहून अभ्यास करू नये, मग ती कितीही लोकप्रिय असो. वस्तू व सेवा कराचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी २२ सप्टेंबर २०२५ पासून काढले गेले, आणि १९६१ च्या आयकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा घेतो, ज्यात 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' या जोडीऐवजी एकच 'कर वर्ष' आहे. कराची संकल्पना जुन्या व्याख्यानातून समजू शकते. बेळगावच्या व्यापाऱ्याने खानापूरला माल विकला तर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन कर लागतात आणि तोच माल कोल्हापूरला गेला तर एकात्मिक कर लागतो, हे तत्त्व २०१७ पासून तेच आहे. दर आणि कलमे मात्र आपल्या सेमिस्टरला विद्यापीठाने कोणता कायदा नेमला आहे ते पाहूनच पाठ करावीत.


काळा_कोट

सरांचे म्हणणे कायद्याच्या विद्यार्थ्यांना तर चौपट लागू आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्याच दिवशी फौजदारी प्रक्रिया संहिता आणि साक्ष अधिनियमही बदलले. इंटरनेटवर अजूनही खुनाला ३०२ आणि फसवणुकीला ४२० सांगणाऱ्या व्याख्यानांचा सुकाळ आहे. नव्या संहितेत खुनाच्या शिक्षेचे कलम १०३ आहे आणि फसवणूक ३१८ मध्ये गेली. मुलांनी केंद्र सरकारच्या 'इंडिया कोड' या संकेतस्थळावरचा मूळ कायदा उघडा ठेवूनच कोणतेही व्याख्यान ऐकावे.

सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे 'ई-एससीआर' वर २०२३ पासून विनामूल्य वाचता येतात, आणि त्यांतील बऱ्याच निवाड्यांची मराठी व कन्नड भाषांतरे उपलब्ध आहेत. आमच्या वेळी एका निवाड्यासाठी बार लायब्ररीत कपाट उघडायला माणूस शोधावा लागे. भाषांतरित निवाडा समजून घेण्यासाठी वाचावा, पण उत्तरपत्रिकेत किंवा अभिरूप न्यायालयात उद्धृत करताना इंग्रजी मूळ पाठच घ्यावा, कारण अधिकृत तोच असतो.


शहापूर_पेठ

सगळ्यांचा उत्साह पाहून बरे वाटले, पण मी एक पालक म्हणून थोडे कडू बोलणार आहे. फुकट मिळालेल्या गोष्टीला मुले किंमत देत नाहीत. माझ्या मुलाने गेल्या वर्षी सात अभ्यासक्रमांना नावे घातली आणि एकही पुरा केला नाही. पैसे भरले असते तर त्याने निदान घाबरून तरी अभ्यास केला असता, असे मला वाटते.


खतावणी

काका, पैसे भरून काय होते ते माझ्याकडून ऐका. पीयूसी झाल्यावर एका ऑनलाइन शिकवणी कंपनीचा माणूस आमच्या घरी येऊन बसला. वडिलांची पिठाची गिरणी आहे. त्यांच्या हाताला पीठ होते म्हणून त्यांचा अंगठा पुसून घेऊन त्याने मोबाइलवर संमती घेतली. मासिक हप्ता म्हणून जे सांगितले ते प्रत्यक्षात कर्ज होते, हे बँकेतून पहिली रक्कम वळती झाल्यावर समजले. व्याख्याने सगळी दुसऱ्याच परीक्षेची होती. पैसे परत मिळवायला सात महिने गेले आणि मिळाले तेही निम्मेच. त्यामुळे पैशाच्या भीतीने अभ्यास होतो हे मला मान्य नाही; भीती झाली ती वडिलांना.


मार्कंडेयकाठ

शहापूर_पेठ, तुमची तक्रार खोटी नाही. सात ठिकाणी नाव घालणे हीच मूळ चूक आहे असे मात्र मला वाटते. एका सेमिस्टरला एकच अभ्यासक्रम घ्यावा आणि तोही अशाच विषयाचा घ्यावा, ज्याची परीक्षा विद्यापीठात द्यायचीच आहे. माझ्या वर्गात तीन-तीन मुलांचे गट केले आहेत. आठवड्याचा गृहपाठ तिघांनी आपापला करायचा आणि शनिवारी वह्या समोरासमोर ठेवायच्या. तीन मुले एका वेळी आळस करत नाहीत, एवढाच त्यातला हिशेब आहे. आपल्या मुलाला कोणी जोडीदार मिळतो का ते पाहावे.


वाचनालयातला_कोपरा

कला शाखेबद्दल अजून कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. मी ग्रंथालयात काम करते आणि इतिहास व मराठीच्या विद्यार्थ्यांना साधने शोधून देणे हा माझा रोजचा उद्योग आहे.

मागच्या महिन्यात एम.ए. इतिहासाचा एक विद्यार्थी आला. त्याला बेळगावच्या जुन्या बाजारपेठेवर प्रकल्प लिहायचा होता आणि तो इंटरनेटवरच्या कुठल्याशा लेखातले उतारे घेऊन आला होता. त्याला मी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड उघडून दिला. हा बेळगाव जिल्ह्याचा खंड १८८४ साली छापला गेला आणि तो 'इंटरनेट आर्काइव्ह' वर पानापानाने वाचता येतो. त्यात बाजाराचे वार, विणकरांचे व्यवसाय, रस्ते, पिके असे सगळे तपशील आहेत. मुलगा दोन तास मान खाली घालून बसला. उठताना म्हणाला, "मॅडम, आमच्या गावाचे नाव यात आहे." त्याच वेळी त्याला हेही सांगितले, की हा ग्रंथ इंग्रज अंमलदारांनी कारभारासाठी लिहिलेला आहे, तेव्हा जातींबद्दलची त्यातली विधाने आहेत तशी उचलू नयेत.

खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय हे अनेक संग्रहांना जोडणारे एक दार आहे. तिथे नोंदणी विनामूल्य आहे, पण शोधताना भाषेची आणि स्तराची चाळणी लावली नाही तर निकालांचा डोंगर पुढे येतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी 'ई-पीजी पाठशाला' आहे. त्यातले धडे मी मुलांना छापून देते, कारण त्यांची मांडणी परीक्षेच्या प्रश्नांना जवळची आहे. 'शोधगंगा' वर देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध आहेत. त्यातून मजकूर उचलण्यापेक्षा प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची उचलावी आणि त्यातली मूळ पुस्तके शोधावीत, असे मी प्रत्येकाला सांगते. किती जण ऐकतात हा भाग वेगळा.

मराठीसाठी आपल्याला महाराष्ट्राच्या हद्दीत जाण्याची गरज पडत नाही, हे इंटरनेटचे सीमाभागावर मोठेच उपकार आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत ज्याचे काम उभे केले आणि ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो मराठी विश्वकोश आज घरबसल्या विनामूल्य वाचता येतो. साहित्य संस्कृती मंडळाची बरीच पुस्तके त्याच्या संकेतस्थळावरून उतरवता येतात. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शोधता येतात. आपल्या बोलीतले जे शब्द पुण्याकडच्या लोकांना अशुद्ध वाटतात, त्यांतील काही या कोशांत मानाने बसलेले सापडतात.


निपाणीकर_मास्तर

मी पदार्थविज्ञान शिकवतो. कणकुंबीच्या मुलीचे उरलेले अर्धे उत्तर माझ्याकडे आहे.

कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ साली 'फेट' नावाचा उपक्रम सुरू केला. आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले होते. त्यात विद्युतमंडल, लंबक, प्रकाशविद्युत परिणाम, आम्ल-आम्लारी अशा विषयांची पडद्यावर हाताळता येणारी प्रतिरूपे आहेत आणि अनेकांचे मराठी रूपही आहे. बहुतेक प्रतिरूपे एकेका फाइलमध्ये उतरतात आणि नंतर मोबाइलवर इंटरनेटशिवाय चालतात. प्रकाशविद्युत परिणामात, म्हणजे प्रकाश पडून धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात त्या प्रतिरूपात, प्रकाशाची तीव्रता वाढवत न्या. वारंवारता उंबरठ्याखाली असेल तर एकही इलेक्ट्रॉन सुटत नाही. मग तीव्रता अगदी कमी ठेवून वारंवारता वाढवा, की लगेच सुटू लागतात. हे मी फळ्यावर वीस वर्षे सांगत आलो, पण मुलांच्या चेहऱ्यावर 'अरे!' उमटलेले या प्रतिरूपानंतरच पाहिले.

दुसरे साधन 'किविक्स'. हे विनामूल्य अ‍ॅप आहे. त्यात विकिपीडियाचा अख्खा संच, आणि फेटच्या प्रतिरूपांचाही संच, एकदा उतरवून मेमरी कार्डावर ठेवला की रेंजची गरज राहत नाही. मराठी विकिपीडियाचा संच इंग्रजीच्या मानाने फारच लहान असल्यामुळे साध्या कार्डावरही मावतो.

'व्हर्च्युअल लॅब्ज' मध्ये प्रयोगशाळेतले प्रयोग पडद्यावर करता येतात. प्रात्यक्षिकाच्या आदल्या संध्याकाळी एकदा तिथे प्रयोग करून आलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी व्होल्टमीटर एकसरीत जोडत नाही. त्यावर समाधान मानून प्रत्यक्ष प्रयोग टाळणाऱ्यांना मात्र मी उभे करत नाही. तार सैल असते, वाचन हलत राहते आणि काटा शून्यावर नसतो, हे पडद्यावर कधीच कळत नाही.

गणितासाठी लॅमार विद्यापीठातील 'पॉल्स ऑनलाइन नोट्स' पाहाव्यात. कलनशास्त्राची सोडवलेली उदाहरणे इतक्या पायऱ्यापायऱ्यांनी दिलेली मी अन्यत्र पाहिली नाहीत. चित्रफीत नाही, निव्वळ मजकूर, त्यामुळे मंद रेंजवरही पान उघडते.


यंत्रशाळा

मास्तरांच्या यादीला जोड देतो. एनपीटेलच्या व्याख्यानांचा लेखी मजकूर उतरवून घेतला तर त्याचे आकारमान चित्रफितीच्या मानाने नगण्य असते. बसमध्ये वाचायला तो पुरतो आणि मग एखादी आकृती कळली नाही तर तेवढाच भाग पाहावा.

आणखी एक प्रश्न सरांना. या अभ्यासक्रमांचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीत धरतात का? आमच्या वर्गात यावर दोन तट पडले आहेत.


मार्कंडेयकाठ

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सेमिस्टरमधील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्' वरून घेण्याची मुभा विद्यापीठे देऊ शकतात. 'देऊ शकतात' या शब्दांवर बोट ठेवून वाचावे. आयोगाने दार उघडले आहे. आत घ्यायचे की नाही, कोणत्या विषयाऐवजी घ्यायचे आणि किती श्रेयांक द्यायचे, हे आपापले विद्यापीठ आणि महाविद्यालय ठरवते. म्हणून अभ्यासक्रमाला नाव घालण्यापूर्वी, सेमिस्टरच्या सुरुवातीलाच, विभागप्रमुखांकडे अर्ज द्यावा, त्यात अभ्यासक्रमाचे नाव, आठवडे आणि श्रेयांक लिहावेत, आणि त्याच अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी 'हो' वर विसंबू नये. श्रेयांक जमा होण्यासाठी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समधील स्वतःचे खाते लागते. तेथील नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये लिहायचे की आद्याक्षर पुढे लावायचे यावरून मराठी शाळेचा दाखला आणि पीयूसीची गुणपत्रिका यांत फरक असतो, आणि तो पुढे फार छळतो. आजच दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत.


शहापूर_पेठ

सर, मुलाला आपला निरोप वाचून दाखवला. सातांपैकी सहा अभ्यासक्रमांतून त्याने नाव काढून घेतले. सांख्यिकी ठेवले आहे, कारण ते त्याला पुढच्या सेमिस्टरला आहे. जोडीदार म्हणून वडगावचा त्याचा मित्र तयार झाला आहे. तिसरा कोणी हवा आहे. या धाग्यावर बी.कॉम. किंवा बी.सी.ए.चे कुणी असल्यास कळवावे.


खतावणी

काका, सांख्यिकी माझेही राहिले आहे. मी येतो. शनिवारी चारनंतर मोकळा असतो.


कणकुंबी_कन्या

मास्तरांना आणि यंत्रशाळा दादांना मनापासून धन्यवाद. काल खानापूरच्या वाचनालयातील वाय-फायवर फेटची चौदा प्रतिरूपे आणि किविक्सचा मराठी संच उतरवला. संच उतरायला पाऊण तास लागला आणि माझी पाचची बस त्यात चुकली. सहाच्या बसने आले. रात्री घरी वीज नव्हती, पण मोबाइलला चार्ज होता म्हणून धाकट्या भावाला विद्युतमंडल जोडून दाखवले. त्याने बल्बाच्या दोन्ही तारा बॅटरीच्या एकाच टोकाला लावल्या आणि बल्ब का पेटत नाही म्हणून माझ्याशी भांडला.

आमच्या गावातून खानापूरला येणाऱ्या आणखी चार मुली आहेत. पुढच्या शनिवारी त्यांचीही कार्डे घेऊन जाते. मास्तर, बत्तीस जीबीचे कार्ड पुरेल ना, की रसायनशास्त्राच्या स्पोकन ट्युटोरियलसाठी चौसष्ठचे घ्यावे?


निपाणीकर_मास्तर

बत्तीसचे पुरेल. फक्त इंग्रजी विकिपीडियाचा चित्रांसह संच त्यावर घालायला जाऊ नका, तो एकटाच कार्डाच्या तिप्पट आहे. आणि पुढच्या वेळी संच उतरवायला लावून मगच वाचायला बसा, म्हणजे पाचची बस मिळेल.